स्पोर्ट्स कारला बाहेरच्या रिमा घालताय? टायरच्या साइजबद्दल खान्देशातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात गाडी आली की पहिला प्रश्न बहुतेक वेळा रिमेचाच असतो. "भाऊ, अठरा इंची बसेल का?" रिमेचा फोटो मोबाइलमध्ये तयार असतो, रंग ठरलेला असतो, टायरचं नंतर बघू असं म्हणतात. आमचा आग्रह याच्या बरोबर उलटा आहे. आधी टायरचा साइज ठरवा आणि मग त्या टायरसाठी रिम शोधा. खालचे प्रश्न जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा इथल्या गिऱ्हाइकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. स्पोर्ट्स कार म्हणताना पोलो जीटी आणि ऑक्टाव्हिया आरएसपासून बीएमडब्ल्यू झेड४ आणि पोर्शपर्यंत सगळ्याच जोरकस गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

टायरवरचे आकडे नेमके काय सांगतात?

समजा टायरवर २२५/४० आर १८ ९२ वाय असं लिहिलंय. २२५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही. ती रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे इथे ९० मिमी. आर म्हणजे रेडियल आणि १८ म्हणजे रिमेचा व्यास इंचात. ९२ हा लोड इंडेक्स आहे, एक टायर जास्तीत जास्त ६३० किलो पेलतो असा त्याचा अर्थ. वाय म्हणजे ताशी ३०० किमीपर्यंतचा वेग. व्ही असेल तर २४०, डब्ल्यू असेल तर २७०.

या चाळीसच्या आकड्यावरच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. २०५/४० आणि २४५/४० यांची साइडवॉल सारखी असेल असं लोकांना वाटतं. पहिलीची ८२ मिमी भरते, दुसरीची ९८.

मोठी रिम घालायची तर टायरचा साइज कसा काढायचा?

एकच गोष्ट सांभाळायची: टायरची एकूण उंची कंपनीच्या टायरएवढीच राहिली पाहिजे. रिम वाढली की साइडवॉल तेवढी कमी करायची. हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो. साइडवॉल दोनदा धरा आणि त्यात रिमेचे इंच २५.४ ने गुणून मिळवा.

पोलो जीटी घेऊ, कारण आपल्याकडे या गाडीवर जीव असलेली मंडळी भरपूर आहेत. सुरुवातीच्या जीटीला १८५/६० आर १५ होते. १८५ चे ६० टक्के १११, दोनदा २२२. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिमी. एकूण उंची ६०३ मिमी. आता पर्याय तपासू. २०५/५० आर १६ ची उंची ६११ मिमी येते, म्हणजे सव्वा-दीड टक्का जास्त. २०५/४५ आर १७ ची ६१६ मिमी, सव्वादोन टक्के जास्त. २१५/४० आर १७ ची ६०४, जवळजवळ तेवढीच. कंपनीने स्वतः नंतरच्या जीटीला १९५/५५ आर १६ दिले, त्याची उंची ६२१ मिमी आहे. ही वाढ तीन टक्क्यांच्या घरात जाते आणि ती चाकावरच्या मडगार्डच्या कमानीत बसते हे कंपनीनेच दाखवून दिलं आहे.

केवळ उंचीचा हिशेब बघितला तर २१५/४० आर १७ सगळ्यात अचूक ठरतो. तरी आम्ही तो सुचवत नाही. त्याची साइडवॉल ८६ मिमीच राहते आणि आपल्या रस्त्यांवर ती कमी पडते. २०५/५० आर १६ मध्ये ती १०२ मिमी मिळते, पकड वाढते आणि गाडीचा आराम मरत नाही. पंधरा इंची जीटीसाठी आमची पहिली पसंती तीच.

उंची किती टक्के बदलली तर चालते?

वरच्या बाजूला तीन टक्के ही शेवटची हद्द समजा, त्यातही दोनच्या आत राहिलात तर उत्तम. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजून वेग दाखवतो. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण काट्याला ते कळत नाही. कंपनीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये असा नियम असल्यामुळे तो मुळात थोडा जास्तच दाखवतो. उंची वाढवली की ती सवलत तुम्ही खाता. चार-पाच टक्के वाढवलंत तर काटा ९० वर असताना गाडी खरोखर त्याहून जास्त वेगात असू शकते.

उंची वाढली की गिअरही लांब होतात, पिकअप मंदावतो. जोरदार गाडी घेऊन तिचा जोर स्वतःच्याच हाताने कमी करण्यात काय हशील?

एकाच रिमेवर कितीही रुंद टायर चालतो का?

नाही. प्रत्येक टायरला रिमेच्या रुंदीची हद्द ठरलेली असते. २०५/४५ आर १७ ला साडेसहा ते साडेसात इंच रुंदीची रिम लागते. २२५/४५ आर १७ ला सात ते साडेआठ, २२५/४० आर १८ ला साडेसात ते नऊ. रिमेच्या आत ७.५जे असा आकडा कोरलेला असतो, तीच तिची रुंदी.

रुंद रिमेवर अरुंद टायर ताणून बसवण्याची फॅशन पुण्या-मुंबईकडून इकडेही आली आहे. आम्ही ते काम घेत नाही. ताणलेल्या टायरची कड रिमेच्या ओठाच्या आत जाते आणि खड्ड्यात पहिला मार थेट रिमेला बसतो. हवा थोडी कमी असेल आणि वळणावर जोर आला तर टायर रिमेवरून सुटू शकतो. उलट बाजूही वाईटच. अरुंद रिमेवर रुंद टायर चढवला की तो मधे फुगतो, वळणावर गाडी डोलते आणि तळ मधोमध झिजतो.

ऑफसेट म्हणजे काय? ईटी ३५ आणि ईटी ४५ मध्ये एवढा काय फरक पडतो?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि गाड्या परत येतात त्या बहुधा यामुळेच. रिमेच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेघ आहे असं समजा. रिम हबला, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने आवळतात त्या गोल भागाला, जिथे टेकते ती जागा त्या रेघेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो ऑफसेट. रिमेवर तो ईटी असा लिहितात. आकडा मोठा असेल तर चाक आत सरकतं, लहान असेल तर बाहेर येतं.

तुमची मूळ रिम ७जे ईटी ४५ आहे आणि दुकानदार ८जे ईटी ३५ दाखवतोय असं धरू. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणजे सगळं चाक १० मिमी बाहेर आलं. बाहेरच्या बाजूला एकूण २२.७ मिमी वाढ, आतल्या बाजूला फक्त २.७. बाहेरचे हे जवळजवळ २३ मिमी कमानीत मावतात का, हे रिम विकत घेण्याआधी मोजायचं. त्यासाठी मूळ टायरच्या कडेपासून मडगार्डच्या ओठापर्यंत पट्टी लावली तरी पुरे.

चाक फार बाहेर गेलं की बेअरिंगवर ताण येतो, स्टिअरिंग जड होतं आणि खराब रस्त्यावर ते हातातून ओढलं जातं. शक्यतो मूळ ऑफसेटपासून दहा मिमीच्या आत राहा. स्पेसर, म्हणजे हब आणि रिमेमध्ये घालायची चकती, लावून ऑफसेट सुधारायचा असेल तर बोल्टही तेवढेच लांब घ्यावे लागतात. चौदा बाय दीडचा, म्हणजे १४ मिमी जाड आणि दीड मिमी अंतराच्या आट्यांचा बोल्ट किमान साडेसात पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. फेरे हाताने मोजा, अंदाजावर सोडू नका.

होल जुळली, रिम बसली. आता आणखी काय बघायचं?

होलं जुळणं ही फक्त सुरुवात आहे. मधलं भोक, म्हणजे सेंटर बोअर, बघायचं राहून जातं. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या हबचा व्यास ५७.१ मिमी असतो, ह्युंदाईच्या मोठ्या गाड्यांचा बहुधा ६७.१, होंडाच्या सिव्हिकसारख्या गाड्यांचा ६४.१. बाजारातल्या रिमेचं भोक सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून मोठंच ठेवलेलं असतं. मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसली तर चाक बोल्टवरच तोललेलं राहतं आणि बरोबर मध्यावर बसत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीला रिमा घेतल्या तेव्हा विकणाऱ्याने या रिंगा दिल्याच नव्हत्या, आणि मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही. ८५-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायचं. तीनदा बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, एक टायर बदलून पाहिला. दोन महिने डोकं चाललं नाही. शेवटी चाक काढून हबवर नुसतं टेकवलं तेव्हा ते खाली-वर हललं आणि कारण समोर आलं. चार साध्या रिंगांनी थरथर थांबली. तेव्हापासून दुकानात रिमेची पेटी उघडली की मी आधी रिंगा शोधतो.

बोल्टची बैठकही तपासा. फोक्सवॅगन गटाच्या मूळ बोल्टचं डोकं गोल बैठकीचं असतं, बाहेरच्या बहुतेक रिमांना शंकूच्या बैठकीचे बोल्ट लागतात. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो कडेकडेनेच टेकलेला असतो आणि चालता चालता ढिला पडतो. यात चाक निखळू शकतं. पोलो, ऑक्टाव्हियाला बोल्ट १२० न्यूटन मीटरला, टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. हवेच्या गनने ठोकून दिलं की काम झालं असं समजू नका.

भाऊ, टायर घासस! काय करू?

आधी कुठे घासतोय ते शोधा. वळवताना आतल्या लायनरला, म्हणजे कमानीतल्या प्लास्टिकच्या आवरणाला घासत असेल तर टायरची रुंदी किंवा उंची जास्त झाली आहे. मागे चार माणसं बसल्यावर मडगार्डच्या ओठाला घासत असेल तर ऑफसेट चुकला आहे. गाडी खाली घेतलेली असेल तर दोन्ही. ओठ दुमडून किंवा लायनर कापून वेळ मारून नेता येते, पण दोष साइजमध्ये आहे आणि तो तिथेच सुधारा. म्हणून आम्ही चारही चाकं बसवण्याआधी पुढचं एक आणि मागचं एक बसवतो, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवतो, मागे माणसं बसवतो आणि एका स्पीडब्रेकरवरून गाडी काढतो. ब्रेक कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) आणि रिमेच्या दांड्यांमध्ये बोटभर जागा आहे का हेही त्याच वेळी दिसतं.

लोड इंडेक्स कमी असला तर काय होतं? गाडीत तर दोघंच बसतात.

लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कधीच खाली नेऊ नका, स्पीडचं अक्षरही नाही.

इथे एक बारकावा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. कमी उंचीच्या टायरवर बहुधा एक्सएल, म्हणजे एक्स्ट्रा लोड, लिहिलेलं असतं. साध्या टायरचा लोड इंडेक्स ३६ पीएसआय हवेला धरलेला असतो, एक्सएलचा ४२ ला. ऑक्टाव्हियाचं उदाहरण घ्या. १७ इंचावर २२५/४५ चा साधा ९१ टायर ३६ पीएसआयला ६१५ किलो पेलतो. १८ इंचावर २२५/४० चा एक्सएल ९२ कागदावर ६३० किलोचा असला तरी त्याच ३६ पीएसआयला ढोबळमानाने ५६० किलोच पेलेल. म्हणजे आकडा वाढला, पण जुनीच हवा ठेवली तर ताकद कमी झाली. मोठ्या रिमेवर एक्सएल टायर घातल्यावर चार-पाच पीएसआय हवा जास्त लागते ती यासाठी. कंपनीने तुमच्या गाडीला तो साइज दिला असेल तर दाराच्या खांबावरच्या तक्त्यात त्याची हवा वेगळी दिलेली असते, तीच ठेवा.

पुढे एक साइज आणि मागे दुसरी ठेवावी का?

कंपनीनेच गाडी तशी दिली असेल तरच, आणि ती बहुधा मागच्या चाकांवर चालणारी असते. झेड४ एम४०आय ला पुढे २५५/३५ आणि मागे २७५/३५ आर १९ येतात. पोर्श ९११ कॅरेराला पुढे २३५/४० आर १९, मागे २९५/३५ आर २०. या गाड्यांमध्ये रिमा बदलायच्या तर पुढच्या-मागच्या रुंदीतला फरक तसाच राखा. मागे तेवढेच ठेवून पुढे रुंद केले की गाडीचा स्वभाव बदलतो आणि वेगात वळताना मागचा भाग सुटू शकतो. पोर्शच्या टायरवर एन०, एन१ अशा खुणा असतात, बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा असतो. त्याच खुणेचा चौघांचा संच घ्यावा.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत पुढची आणि मागची उंची जुळणं फार महत्त्वाचं. बीएमडब्ल्यू ३ सिरीजला १९ इंचावर पुढे २२५/४० आणि मागे २५५/३५ येतात. हिशेब करून बघा, दोन्ही ६६२ मिमीच्या आसपास येतात, फरक दीड मिमीचा. कंपनीने केवढी काळजी घेतली आहे! तो फरक वाढला की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी मधली क्लच यंत्रणा सतत झटत राहते आणि तापते. आम्ही अशा गाडीत हा फरक एक टक्क्याच्या आत ठेवतो, आणि दोनच टायर बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी जुन्यांची झीज मोजून दाखवतो.

पोलो किंवा ऑक्टाव्हियासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे रुंद टायर घालण्यात काही अर्थ नाही.

आपल्या रस्त्यांवर किती इंचांपर्यंत जावं?

कंपनीच्या रिमेपेक्षा एक इंच. याहून जास्त नको असं मी मनापासून सांगतो, आणि रिमा विकायच्या असूनही सांगतो.

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगाव-भुसावळकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आता बराच रुंद झाला आहे. रस्ता चांगला म्हणून वेग वाढतो. मग पुलाचा सांधा येतो, वळसा-रस्ता येतो, गावाजवळ पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर येतो. चांगल्या रस्त्यावरचा एकच खड्डा वाईट रस्त्यावरच्या शंभर खड्ड्यांपेक्षा टायरला महाग पडतो, कारण तिथे आपण हळू नसतो. कन्नडचा घाट, कोंडाईबारीचा घाट, तोरणमाळची चढण इथे वळणावर कडेचा डांबराचा ओठ तुटलेला असतो आणि टायरची साइडवॉल नेमकी तिथे चिरडते.

साइडवॉल ही हवेची गादी आहे. ऑक्टाव्हियाला १७ इंचावर ती १०१ मिमी असते, १८ वर ९०. १९ इंचावर २३५/३५ घातला की ८२ च राहते. मधल्या दोऱ्या तुटून टायरला फुगा येतो तो याच गाड्यांना. फुगा आलेल्या टायरचं पंक्चरसारखं काही करता येत नाही, तो फेकूनच द्यावा लागतो. चोपडा, यावल, रावेरकडची मंडळी केळीच्या मळ्यापर्यंत गाडी नेतात. त्यांना मी मूळ साइजच ठेवा आणि तेवढ्या पैशांत उत्तम रबराचा टायर घ्या असं सांगतो. पकड रबरातून जेवढी वाढते तेवढी एका इंचाने वाढत नाही.

रुंदीचाही विचार करा. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातून काळी माती रस्त्यावर आणतात. त्या चिखलावर आणि साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, अरुंद टायर तो कापत जातो.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

नाही! हा समज खूप पक्का बसलाय आणि तो धोकादायक आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकला की तापतो, आणि टायर फुटतो तो या तापण्यानेच. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो, डांबर त्याहून कितीतरी तापतं. तेव्हा हवा कमी ठेवणं म्हणजे आगीत तेल.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरमध्ये मोजा. तापमान दहा अंशांनी बदललं की साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. धुळ्यात डिसेंबरच्या पहाटे पारा एक आकडी असताना भरलेले ३३ पीएसआय मेच्या उन्हात ३८-३९ दाखवतील. म्हणून महिन्यातून दोनदा मोजा. धावून तापलेल्या टायरमधून हवा कधी सोडू नका.

नायट्रोजन भरू का?

भरला तर तोटा नाही. साधी हवा वेळेवर मोजलीत तरी काम भागतं.

हवा तो साइज जळगाव-धुळ्यात मिळत नाही. काय करावं?

म्हणूनच टायर आधी ठरवा म्हणतो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यानंतर मोठ्या इंचांचे काही साइज मिळायला वेळ लागू लागला. रिम घेऊन बसलात आणि टायर मुंबईहून यायला तीन आठवडे लागले तर पुढच्या वेळी एक टायर फुटल्यावर गाडी तेवढेच दिवस उभी राहील. किमान दोन कंपन्या बनवतात असाच साइज निवडा.

तारीखही बघा. साइडवॉलवर डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ २३२४, म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. कमी खपाच्या साइजचे टायर गोदामात पडून राहतात आणि आपल्या उष्णतेत रबर लवकर कडक होतं. दोन वर्षांहून जुना माल नव्याच्या भावात घेऊ नका.

आरटीओ आणि विम्याची अडचण येते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. कंपनीने तुमच्या मॉडेलच्या कुठल्याही आवृत्तीला दिलेला साइज निवडलात तर बाजू भक्कम राहते. टायर मडगार्डच्या बाहेर दिसता कामा नये. रिमांची पावती विमा कंपनीला देऊन त्या पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून चढवून घ्या, दाव्याच्या वेळी सांगून उपयोग होत नाही. तळाची खोली १.६ मिमीपर्यंत आली की टायर बदलायचा, पावसाळ्याच्या तोंडावर त्याआधीच.

स्टेपनीचं काय?

उंची जुळत असेल तर जुनीच चालते, पण तिचे बोल्ट वेगळे लागतात. नव्या रिमेचे शंकूचे बोल्ट मूळ लोखंडी स्टेपनीला बसणार नाहीत. जुने बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीच्या खड्ड्यातच ठेवा. रात्री पळासनेरच्या पुढे पंक्चर झाल्यावर ते घरी जळगावात असून काय उपयोग?

वाकलेली रिम ठोकून सरळ करून मिळते. वापरू का?

आतल्या कडेला किंचित वाकली असेल आणि कुठेही तडा नसेल तर मशीनवर सरळ करून मागच्या चाकाला चालते. दांडीला मार बसला असेल किंवा वेल्डिंग करावं लागणार असेल तर ती रिम भंगारात द्या. नवी घेताना आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए ही (रिमेच्या मजबुतीची जपानी) खूण आणि किलोमधला लोड रेटिंगचा आकडा कोरलेला आहे का ते बोट फिरवून बघा. तो आकडा गाडीच्या जड अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या निम्म्याहून जास्तच असला पाहिजे.